लिव्हर ॲक्शन रायफलसाठी ओतीव गोळीचे माप कसे ठरवावे?

लिव्हरप्रेमी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ३०-३० विंचेस्टर काडतुसाची मार्लिन ३३६ ही लिव्हर ॲक्शन (खालचा दांडा ओढून काडतूस भरायची) रायफल आहे आणि तिच्या नळीत मायक्रो-ग्रूव्ह पद्धतीचे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा) आहेत. तांब्याचे जॅकेट असलेल्या गोळ्या ती अगदी नीट मारते. घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या घातल्या की मात्र पन्नास यार्डांवरच तळहाताएवढा पसारा होतो, आणि नळी साफ करताना चेंबरच्या (काडतूस बसते त्या कप्प्याच्या) पुढच्या दोन-तीन इंचांत शिशाचे चकचकीत पापुद्रे निघतात.

गोळी सपाट नाकाची, १७० ग्रेनच्या आसपासची असून तिला गॅस चेक (बुडाला बसवलेली धातूची छोटी टोपी) आहे. मिश्रधातू म्हणजे चाकांना लावायच्या वजनांचे शिसे आणि त्यात थोडे कथील. सायझिंग डाय (ओतलेली गोळी आवळून नेमक्या मापाला आणणारे अवजार) ०.३०९ इंचाची आहे, कारण नळीचे छापील माप ०.३०८ आहे आणि ओतीव गोळी त्याहून एक सहस्रांश इंच मोठी असावी असे सगळीकडे वाचायला मिळते. मिश्रधातू कठीण करावा, गोळी मोठी करावी, की मायक्रो-ग्रूव्ह नळीत ओतीव गोळी चालतच नाही हे मान्य करून विषय सोडून द्यावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मापाडी

विषय सोडू नका, आणि मिश्रधातूलाही तूर्त हात लावू नका. तुमच्या प्रश्नात एकही मोजलेले माप नाही, ०.३०८ हे छापील माप आहे आणि ०.३०९ हे डायवर कोरलेले माप आहे. नळी प्रत्यक्षात किती आहे आणि त्या डायमधून गोळी प्रत्यक्षात किती निघते, हे आधी समजले पाहिजे.

नळी मोजण्यासाठी शुद्ध, मऊ शिशाचा गोळा घ्या. मासेमारीच्या गळाला लावतात तसले शिशाचे वजन चालते, फक्त ते चराच्या (आट्यांतल्या खोलगट भागाच्या) मापापेक्षा किंचित मोठे असावे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्या. ३३६ मध्ये लिव्हरचा स्क्रू काढला की लिव्हर आणि त्यामागोमाग बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) बाहेर येतो, त्यामुळे नळी दोन्ही बाजूंनी मोकळी मिळते. विंचेस्टर ९४ मध्ये ही सोय नाही आणि सगळे काम नळीच्या तोंडाकडूनच करावे लागते. नळीला आतून तेलाचा हलका हात द्या, गोळा तोंडावर ठेवून लाकडी मोगरीने आत बसवा आणि मग पितळी सळईने पुढे ढकला. लाकडी दांडा टाळावा असे माझे मत आहे, कारण तो तिरका चिरला तर नळीतच पाचरीसारखा बसतो.

ढकलताना हाताला जे जाणवते ते मापाइतकेच महत्त्वाचे असते. गोळा एकसारख्या जोराने सरकत असेल तर उत्तम. मागच्या नेमदर्शकाची खाच जिथे नळीत कापलेली असते किंवा नळीवर अक्षरांचा ठसा जिथे दाबलेला असतो, तिथे पुष्कळदा आतला व्यास किंचित आवळलेला असतो आणि गोळा एकदम जड होतो. त्या आवळ्यातून गोळी बारीक होऊन पुढे निघते आणि उरलेल्या नळीत सैल धावते, म्हणून अशी जागा सापडली तर तिची नोंद ठेवा.

बाहेर आलेला गोळा मायक्रोमीटरने मोजा, व्हर्नियरने नको. आपण एकेका सहस्रांशाचा हिशोब करत आहोत आणि व्हर्नियरची चूकच तेवढी असू शकते. तुमच्या नळीत बारा आटे आहेत, म्हणजे चर समोरासमोर येतात आणि मोजणे सोपे आहे. पाच आट्यांच्या नळीत चरासमोर कंगोरा (दोन चरांमधला उंचवटा) येतो आणि साधा मायक्रोमीटर खोटे माप देतो. तिथे व्ही आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर लागतो.

शिशाची_कढई

मापाडी यांच्याशी सहमत आहे, फक्त मिश्रधातूबद्दल थोडे सांगतो, कारण शिसे चिकटू लागले की बहुतेक जण आधी कढईकडेच धावतात.

शुद्ध शिशाची ब्रिनेल कठिणता सुमारे ५ असते, चाकाच्या वजनांची १२ च्या जवळपास, लायमन क्रमांक २ या मिश्रधातूची (९० टक्के शिसे, ५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी) सुमारे १५, आणि छपाईच्या लायनोटाइपची सुमारे २२. गॅस चेक लावलेल्या गोळीला ३०-३० च्या मध्यम भारासाठी (दारूच्या प्रमाणासाठी) १२ ते १५ कठिणता पुरते. चिकटलेले शिसे पाहून लोक कठिणता वाढवतात, आणि गोळी मुळात लहान असेल तर दुखणे आणखी वाढते. मऊ गोळी मागच्या दाबाने थोडी तरी फुगून नळीत बसते, तर लायनोटाइपची गोळी लहान ती लहानच राहते. तिच्या कडेने तप्त वायू पुढे निसटतो आणि कडा वितळवून तेच शिसे नळीला लिंपतो.

शिसे कुठे चिकटते यावरूनही बराच अंदाज येतो. चेंबरच्या लगेच पुढे चिकटत असेल तर माप लहान असल्याचा संशय आधी घ्यावा. नळीच्या तोंडाजवळ चिकटत असेल तर गोळीवरचे वंगण शेवटपर्यंत पुरत नाही असे समजावे. तुमचे लक्षण सरळ पहिल्या प्रकारात बसते.

मिश्रधातूचा मापाशी आणखी एक संबंध आहे. एकाच साच्यातून अँटिमनी जास्त असलेली गोळी मोठी निघते आणि शुद्ध शिशाची लहान, कारण थंड होताना शुद्ध शिसे जास्त आकसते. त्यामुळे साचा किती मापाची गोळी देतो हे सांगताना कोणत्या मिश्रधातूची, तेही सांगावे लागते. तुमच्या साच्यातून गोळी मूळची किती निघते ते कृपया कळवा. ती मुळातच ०.३०९ निघत असेल तर डाय बदलून काहीच साधणार नाही.

जुनी_नळी

मायक्रो-ग्रूव्हबद्दलचा प्रवाद बराच जुना आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

मार्लिनने १९५० च्या दशकात ही पद्धत आणली. सहा खोल चरांऐवजी पुष्कळ उथळ चर, अशी तिची रचना आहे. त्या काळी ओतीव गोळीसाठीचे साचे आणि डाय जुन्या, खोल चरांच्या नळ्या डोळ्यांसमोर ठेवून केलेले होते. लोकांनी त्याच गोळ्या नव्या नळीत घातल्या, त्या घसरल्या, आणि नळीवर कायमचा शिक्का बसला.

खोल चराच्या नळीत दोन सहस्रांशाने लहान गोळीसुद्धा कंगोऱ्यांत बऱ्यापैकी रुतते आणि कशीबशी निभावते. उथळ चरात ही सवलत मिळत नाही. चर दोन-अडीच सहस्रांशच खोल असेल आणि गोळी एक सहस्रांशाने लहान असेल, तर पकडीचा मोठा भाग तिथेच गेला. थोडक्यात, मायक्रो-ग्रूव्हला ओतीव गोळीचे वावडे नाही, लहान गोळीचे आहे. पुरेशी मोठी गोळी, गॅस चेक आणि बेताचा वेग या तिन्ही गोष्टी जुळल्या तर ही नळी इतर कोणत्याही नळीइतकीच चांगली मारते.

दुसरी गोष्ट गोळीच्या नाकाची, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ३०-३० च्या अनेक साच्यांत गोळीचा पुढचा अर्धा भाग आट्यांत कोरला जात नाही, तो कंगोऱ्यांवर टेकून नुसता सरळ धरला जातो. जुन्या पद्धतीच्या नळीत कंगोऱ्यांमधला व्यास ०.३०० इंच असतो. मायक्रो-ग्रूव्हमध्ये चर उथळ असल्याने तोच व्यास ०.३०२ किंवा ०.३०३ पर्यंत जातो. ०.२९९ चे नाक तिथे अधांतरीच राहते आणि गोळी जराशी तिरकी होऊनच आट्यांत शिरते. म्हणून मोजताना गोळ्यावरचे दोन्ही व्यास मोजा, उंचवट्यांचा आणि खाचांचाही. नाकाचा व्यास डायने बदलत नाही. तो साचा निवडतानाच पाहावा लागतो.

लिव्हरप्रेमी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले. चरांचा व्यास ०.३०८५ इंच आला आणि कंगोऱ्यांमधला ०.३०२५. मागच्या नेमदर्शकाच्या खाचेखाली गोळा किंचित जड झाला, पण अडला नाही. साच्यातून गोळी ०.३१२ निघते आणि तिचे नाक ०.३०१ आहे. डायवर ०.३०९ कोरलेले असले तरी तिच्यातून निघालेली गोळी मायक्रोमीटरवर ०.३०८५ भरते, म्हणजे गोळी आणि चर अगदी समसमान आहेत. आता सरळ ०.३११ ची डाय घ्यावी का? गोळी जितकी मोठी तितकी चांगली, असाच वरच्या प्रतिसादांचा सूर दिसतो.

मापाडी

थांबा. नळीने खालची मर्यादा सांगितली, वरची मर्यादा चेंबर सांगतो, आणि तिथे मात्र प्रश्न सुरक्षिततेचा आहे.

काडतूस चेंबरमध्ये असताना पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) मानेभोवती थोडी मोकळी जागा असावीच लागते. बार उडाला की मान त्या जागेत फुलते आणि गोळीला सोडते. गोळी इतकी मोठी घेतली की मान चेंबरच्या भिंतीला आधीच टेकली, तर गोळी सुटायला वाव राहत नाही आणि दाब धोकादायक रीतीने वाढतो. मोठी गोळी नळीत जाते म्हणून धोका होतो असा सर्वसाधारण समज आहे. पण मऊ शिशाच्या एक-दोन सहस्रांशांनी नळीतला दाब फारसा बदलत नाही. अडचण मानेच्या जागेची आहे.

ती तपासण्याची सोपी रीत अशी. तुमच्याच रायफलमध्ये उडवलेली आणि पुन्हा आवळलेली नसलेली पुंगळी घ्या, आणि वेगवेगळ्या मापांच्या गोळ्या तिच्या तोंडात बोटाने घालून पाहा. जी गोळी अजिबात न अडता आत घसरते, ते माप सुरक्षित आहे. जिला बोटाने दाबावे लागते, ते माप सोडून द्या. पुंगळीचे तोंड मुडपलेले असेल तर तेवढा भाग आधी हलकेच सरळ करा, नाहीतर चाचणी फसवी ठरेल. खातरजमा करायची असेल तर भरलेल्या काडतुसाच्या मानेचा बाहेरचा व्यास मोजा आणि उडवलेल्या पुंगळीच्या मानेशी ताडून पाहा. पितळ उडाल्यावर किंचित मागे आकसते, म्हणून चेंबर प्रत्यक्षात याहून थोडा मोठाच असतो. तरीही या दोन मापांत निदान एक ते दोन सहस्रांशांचा फरक दिसला पाहिजे, असा नियम मी पाळतो.

पुंगळ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील तर प्रत्येकीची चाचणी वेगळी घ्या. पितळाची जाडी सारखी नसते, आणि मानेच्या एका बाजूचा अर्धा सहस्रांश व्यासात पूर्ण एक सहस्रांश होतो.

काडतूसवाला

मापाडी यांच्या मुद्द्याचे सर्वांत ठळक उदाहरण ३८-५५ हे काडतूस आहे. माझ्याकडे त्या काडतुसाची अलीकडची रायफल आहे. नळीचा चर ०.३८० आहे, म्हणून ०.३८१ ची गोळी ओतली, तर काडतूस चेंबरमध्ये शिरतच नाही. ०.३७७ ची गोळी शिरते, पण ती लक्ष्यावर आडवी लागते आणि कागदावर किल्लीच्या भोकासारखे छिद्र पडते. अशा वेळी काय करावे?

जुनी_नळी

हे ३८-५५ चे जुनेच त्रांगडे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या या काडतुसाच्या नळ्या कधीच एका मापाच्या नव्हत्या; चर ०.३७७ पासून ०.३८१ पर्यंत आणि क्वचित त्यापुढेही सापडतो. पुढे चेंबर एका प्रमाणाचे झाले आणि नळ्या दुसऱ्या, त्यामुळे नळीला हवी तेवढी गोळी चेंबर घेत नाही अशा रायफली बऱ्याच दिसतात. पुंगळीची लांबीही बदलली आहे. मूळची २.१२५ इंचांची होती, नंतरची साधारण २.०८५ इंचांची आहे, आणि दोन्ही आजही मिळतात. तुमचे चेंबर कोणत्या लांबीचे आहे ते आधी पाहा.

यावर पहिला उपाय पातळ भिंतीच्या पुंगळ्या शोधण्याचा. पितळात मिळालेला प्रत्येक सहस्रांश गोळीला देता येतो. दुसरा म्हणजे पुंगळीची मान बाहेरून खरवडून पातळ करणे. तिसरा उपाय मऊ मिश्रधातूचा, उदाहरणार्थ वीस भाग शिशाला एक भाग कथील, म्हणजे थोडी लहान गोळीसुद्धा दाबाने फुगून चरात बसेल; तो काळ्या दारूबरोबर किंवा बेताच्या भाराबरोबर चांगला चालतो. चेंबरची मान रीमरने वाढवणे हा शेवटचा पर्याय आहे आणि ते काम कुशल बंदूक कारागिरानेच करावे.

४४-४० मध्येही हाच प्रकार होतो. १८७३ च्या या काडतुसाचे नळीचे माप रूढार्थाने ०.४२७ आहे, पण नंतरच्या पुष्कळ रायफलींना ४४ मॅग्नमची ०.४२९ ची नळी बसवलेली असते आणि चेंबर मात्र जुन्याच मापाचे ठेवलेले असते. सुदैवाने त्या पुंगळीचे तोंड फार पातळ असते, म्हणून बहुधा निभावते. ४४ मॅग्नमच्या मार्लिन रायफलींत तर चर ०.४३१ च्या पुढेही आढळतो, आणि पिस्तुलासाठी ०.४२९ वा ०.४३० ला काढलेल्या विकतच्या गोळ्या त्यांत सैल पडतात. तिथे ०.४३२ किंवा ०.४३३ लागते. पिस्तूल आणि रायफल दोन्हींना एकच काडतूस वापरण्याच्या हौसेत हे नेहमी राहून जाते.

शिशाची_कढई

मापाचा आणखी एक चोर सांगायचा राहिला, तो म्हणजे काडतूस भरण्याची आपलीच अवजारे. जॅकेटवाल्या गोळीसाठी बनवलेला एक्स्पांडर (पुंगळीचे तोंड रुंद करणारे अवजार) ते तोंड ०.३०८ पेक्षाही लहान ठेवतो. त्यात ०.३१० ची मऊ गोळी दाबून बसवली की पितळ तिला पुन्हा ०.३०९ वर आणते, आणि आपण मात्र ०.३१० मारतो आहोत या समजात राहतो. एक काडतूस दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) न घालता भरा, हातोडीच्या पुलरने गोळी परत काढा आणि मोजा. माप उतरले असेल तर ओतीव गोळीसाठीचा मोठा, दोन पायऱ्यांचा एक्स्पांडर घ्या. सरळ पुंगळीच्या ३५७ आणि ४४ मॅग्नमवाल्यांनी तर भरलेल्या काडतुसाला पुन्हा कार्बाइड कड्यातून काढणारी क्रिंप डाय (पुंगळीचे तोंड गोळीवर मुडपणारी डाय) टाळावी. ती काडतुसाबरोबर आतली गोळीही आवळते. ३०-३० ची त्या नावाची डाय वेगळ्या रचनेची असते आणि ती हा उपद्रव करत नाही.

साच्यातून ०.३१२ निघणारी गोळी ०.३१० ला आणणे योग्यच आहे. एका फेरीत दोन-तीन सहस्रांशांपेक्षा जास्त आवळू नये, त्याने वंगणाच्या खोबणी चेपतात आणि गोळीचा तोल बिघडतो. पावडर कोटिंग (गोळीला भुकटीचा थर देणे) करणाऱ्यांनी थराचे एक-दोन सहस्रांश धरावेत, कोटिंगनंतर सायझिंग करावे आणि नाकावरही तेवढीच भर पडते हे विसरू नये.

मापाडी

लिव्हर ॲक्शनची स्वतःची एक अडचण इथे नोंदवतो. बोल्ट ॲक्शनचा दांडा खाली दाबताना काडतूस जोराने आत ढकलले जाते आणि किंचित मोठी गोळीही आट्यांत रेटून बसवता येते. लिव्हरला तेवढे बळ नसते, ना आत ढकलायला ना बाहेर ओढायला. गोळीचा पुढचा पट्टा आट्यांत घट्ट बसला आणि न उडवता काडतूस बाहेर काढायची वेळ आली, तर गोळी नळीत राहते आणि पुंगळीतली दारू यंत्रणेत सांडते. म्हणून दारू-प्रायमरविना भरलेल्या काडतुसाच्या गोळीला काळ्या मार्करची शाई लावा, ते चेंबरमध्ये घालून लिव्हर हलक्या हाताने मिटा आणि बाहेर काढून पाहा. पुढच्या पट्ट्यावर कंगोऱ्यांच्या बारीक, एकसारख्या रेघा दिसल्या तर चालेल. शाई सर्व बाजूंनी सोलून निघाली असेल तर गोळी थोडी आत बसवावी किंवा माप उतरवावे.

मात्र ती आत बसवताना गोळीवरची, पुंगळीचे तोंड मुडपण्याची खाच कुठे येते ते पाहावे लागते. नळकांडी मॅगझिनमध्ये स्प्रिंगचा दाब आणि धक्का दोन्ही गोळीवर येतात, आणि मुडप नीट नसेल तर गोळी पुंगळीत मागे सरकते. सपाट नाक का हवे हे आपण जाणताच. पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर मागच्याचे नाक टेकलेले असते, आणि ते टोकदार असेल तर धक्क्याने प्रायमर पेटू शकतो. लांबीचेही बंधन आहे, ३०-३० चे काडतूस २.५५० इंचांपेक्षा लांब असू नये.

लिव्हरप्रेमी (धागाकर्ता)

चाचणी केली. ०.३१० ची गोळी उडवलेल्या पुंगळीत आपोआप घसरते आणि ०.३११ ला बोटाचा जोर लागतो, तेव्हा ०.३१० नक्की केले. गोळी काढून मोजली तर शिशाची_कढई यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. एक्स्पांडरमुळे पाऊण सहस्रांश जात होता. मोठा एक्स्पांडर मागवला आहे. ०.३१० च्या मापाला बसवलेल्या काही गोळ्या एका स्नेह्याने दिल्या होत्या; त्या आहे त्या एक्स्पांडरनेच भरून मारल्या, तरी पसारा निम्म्याहून कमी झाला आणि चेंबरपुढचे शिसे जवळजवळ नाहीसे झाले. नाक ०.३०१ असल्याने थोडी कसर राहणारच, हे समजले आहे. शेवटची शंका अशी, की जुनी ०.३०९ ची डाय मोठी करता येईल का, की नवीनच घ्यावी?

शिशाची_कढई

करता येते. डाय आरपार ढकलण्याच्या प्रकारची असेल तर एका सळईच्या टोकाला चीर पाडा, तीत बारीक एमरी पेपर अडकवून गुंडाळा, तेल लावा आणि सळई ड्रिलमध्ये धरून डायमधून सावकाश, एकसारखी पुढेमागे फिरवा. तोंडाशीच रेंगाळू नका, नाहीतर डाय निमुळती होते. दर थोड्या वेळाने डाय पुसून, थंड करून तिच्यातून एक गोळी काढा आणि मोजा. ०.३०९८ आले की जाड एमरी बाजूला ठेवा आणि शेवटचे दोन दशसहस्रांश अगदी बारीक पेपरने काढा, कारण पॉलिश करतानाही माप वाढत असते. मोजायची गोळी मात्र तुमच्या नेहमीच्याच मिश्रधातूची आणि एक-दोन दिवस आधी ओतलेली घ्या. ताजी गोळी डायमधून निघताना वेगळे माप दाखवते.